कोलोनोस्कोपीआधीचं पोट साफ करायचं औषध: दोन लिटर, एक लिटर की तीनशे मिली?

चार लिटर खारट पाणी प्यायचं आहे म्हटलं की धडधाकट माणूसही कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, पुढे ढकलतो. म्हणून कमी प्यावी लागणारी औषधं आली, आणि आली ते फार चांगलं झालं. पण खोक्यावरचा आकडा वाचून जो समज होतो, तो घातक आहे. या औषधांत कमी होतं ते बेचव, औषधी पाणी. एकूण पोटात जायला हवं ते पाणी त्या मानाने फारसं कमी होत नाही.

हिशेब करून बघा. मूव्हीप्रेप हे दोन लिटरचं औषध, वर एक लिटर साधं द्रव: एकूण तीन लिटर. सुप्रेपच्या दोन बाटल्या, प्रत्येक सुमारे १८० मिलीची; पण ती बाटली पाणी घालून ४८० मिली करायची आणि त्यानंतर तासाभरात आणखी ९६० मिली पाणी प्यायचं. दोन्ही वेळा मिळून पावणेतीन-तीन लिटरच्या घरात. सुटॅब तर गोळ्याच आहेत, १२ आणि १२ अशा २४. पण प्रत्येक १२ गोळ्यांबरोबर आणि नंतर मिळून जवळजवळ दीड लिटर पाणी लागतं, म्हणजे बेरीज परत तीन लिटरच्या जवळ. पिकोप्रेपच्या दोन पुड्या प्रत्येकी १५० मिली पाण्यात. पहिलीनंतर २४० मिलीचे किमान पाच पेले, दुसरीनंतर तीन-चार. म्हणजे सव्वादोन ते अडीच लिटर. प्लेन्व्हू खरोखर सगळ्यांत कमी: अर्धा लिटर औषध, अर्धा लिटर पाणी, असं दोनदा. तरी दोन लिटर झालेच, आणि ते पाणीसुद्धा किमान.

हे वरचं पाणी म्हणजे औषधाचाच भाग आहे, ऐच्छिक नाही. का, ते समजून घेतलं की बाकीचं आपोआप समजतं.

१९८० मध्ये अमेरिकेत डेव्हिस, फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी जे चार लिटरचं द्रावण मांडलं, त्याची खुबी अशी की त्यातलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल आतड्यात शोषलं जात नाही, आणि क्षारांचं प्रमाण रक्ताशी इतकं जुळवलेलं असतं की शरीरात पाणी शिरतही नाही आणि शरीरातून फारसं बाहेरही येत नाही. वरून ओतलं तेवढं खालून जातं, आतडं निव्वळ धुतलं जातं. म्हणूनच ते चार लिटर लागतं आणि म्हणूनच ते मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या रुग्णांना सगळ्यांत कमी त्रासाचं. कमी प्रमाणाची औषधं मुद्दाम दाट ठेवलेली असतात. मूळ द्रावणात लिटरला ५९ ग्रॅम पॉलिएथिलीन ग्लायकॉल. मूव्हीप्रेपमध्ये लिटरला १०० ग्रॅम. प्लेन्व्हूच्या पहिल्या अर्ध्या लिटरमध्येच १०० ग्रॅम. ही दाट द्रावणं शरीरातून पाणी आतड्यात ओढून घेतात. जे पाणी तुम्ही प्यायला नाहीत, ते रक्तातून जातं. मग चक्कर, कोरडी पडलेली जीभ, घटलेली लघवी आणि सलाईन लावायला नस सापडत नाही.

आता एकेक.

मूव्हीप्रेपमध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉलला ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, जोडलंय. ते चवीपुरतं नाही. एवढ्या मोठ्या मात्रेत ते पूर्ण शोषलं जात नाही आणि उरलेलं आतड्यात पाणी ओढतं. प्लेन्व्हूमध्ये हीच युक्ती टोकाला नेली आहे: दुसऱ्या मात्रेत पॉलिएथिलीन ग्लायकॉल ४० ग्रॅमवर आणलं, पण सोडियम ॲस्कॉर्बेट ४८ ग्रॅमच्या वर आणि शिवाय साडेसात ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. उजव्या बाजूचं आतडं ते चांगलं साफ करतं, दोन लिटरच्या औषधाशी तुलना केलेल्या मोरा नावाच्या चाचणीत ते दिसलं. मात्र उलट्या त्यात जास्त. पहिल्या मात्रेला आंब्याचा स्वाद, दुसरीला फळांच्या सरबताचा, तरी दोन्ही दाट आणि खारट-गोड. घोटघोट प्यायलं तरच राहतं. एक इशारा: ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी आहे, त्यांना एवढं ॲस्कॉर्बेट दिलं तर रक्तपेशी फुटू शकतात. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. घरात कुणाला मलेरियाच्या गोळ्यांनंतर कावीळ झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

सुप्रेप म्हणजे तीन सल्फेट: सोडियम सल्फेट १७.५ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट ३.१३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.६ ग्रॅम, एका बाटलीत एवढं. याच घटकांची औषधं भारतातही मिळतात. सल्फेट आतड्यात कमी शोषलं जातं आणि पाणी धरून ठेवतं. साफसफाईच्या बाबतीत निरोगी माणसासाठी हे मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. चव मात्र कडवट खारट, आणि चूक घडते ती एकच, पण मोठी: बाटली तशीच तोंडाला लावली जाते. पाणी न घालता प्यायलं की उलटी ठरलेली, आणि क्षारांचा धक्का बसतो तो वेगळाच. युरिक ॲसिड यामुळे तात्पुरतं वाढतं, तेव्हा गाउटवाल्यांनी सांगून ठेवावं.

पिकोप्रेपचं काम दोन अंगांनी चालतं. सोडियम पिकोसल्फेट, पुडीत फक्त १० मिलिग्रॅम, स्वतः काही करत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात, तेव्हा ते आतड्याला हालवू लागतं. दुसरीकडे ३.५ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि सायट्रिक आम्ल पाण्यात भेटून मॅग्नेशियम सायट्रेट होतं, ते पाणी ओढतं. ही भेट तुमच्या हातातच होते: पुडी ढवळताना पेला गरम लागतो. औषध खराब नाही, रासायनिक क्रियेची ती उष्णता आहे. दोन-तीन मिनिटं ढवळा, निवू द्या, मग प्या. संत्र्याच्या गोळीसारखी चव, त्यामुळे रुग्णांची पसंती याला सर्वाधिक. पण इथे धुण्याचं काम जवळपास सगळं तुमच्या वरच्या पाण्यावर आहे. १५० मिली पिऊन झोपून गेलेल्याचं आतडं दुसऱ्या दिवशी चिखल असतं. आणि ते पाणी म्हणून नुसतं साधं पाणी ढोसलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. वयस्क बायकांत, त्यातही रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांत, हे गोंधळ, डोकेदुखी, क्वचित फिट येण्यापर्यंत जातं. निम्मं पाणी तरी ओआरएस, मीठ-साखर घातलेलं गाळलेलं लिंबू सरबत किंवा शहाळं असू द्या. मूत्रपिंड फार कमी काम करत असेल तर मॅग्नेशियम साठतं, तिथे हे औषध नकोच.

महाराष्ट्रात बहुतेकांच्या हातात पडतं ते पेगलेक. १३७ ग्रॅमची पुडी, दोन लिटर पाण्यात. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल ११८ ग्रॅम, म्हणजे लिटरला तेच ५९. हे मूळ चार लिटरच्या द्रावणाचं अर्धं माप आहे, मूव्हीप्रेपसारखं दाट दोन लिटरचं औषध नव्हे. सुरक्षित आहे, पण एकटं दोन लिटर बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला पुरत नाही. म्हणून काही ठिकाणी आदल्या संध्याकाळी बिसाकोडिलच्या, म्हणजे जुलाबाच्या, गोळ्या देतात, काही ठिकाणी दुसरी पुडी. दोनच लिटर लिहून दिलं असेल आणि तुम्हाला तीन-तीन दिवस संडासला होत नसेल, तर पुडी फोडण्याआधी फोन करून विचारा. बिसाकोडिलच्या जास्तीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका; मोठ्या मात्रेत आतड्याचा रक्तपुरवठा तुटून रक्ती जुलाब झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि एक औषध असं आहे जे मी आज कुणाच्याही घरी येऊ देणार नाही. छोटी बाटली, स्वस्त, आणि लेबलवर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट व सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट. तोंडावाटे घ्यायच्या या फॉस्फेटने मूत्रपिंडात कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचून ती कायमची निकामी झाल्याची प्रकरणं पुढे आली. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला आणि तिथल्या दुकानांतून ती बाटली गेली. युरोपची एंडोस्कोपी संघटनाही २०१९ च्या मार्गदर्शनात नेहमीच्या वापराला नको म्हणते. साठीपुढचे, मधुमेही, रक्तदाबाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या घेणारे, यांनी तर लेबल वाचूनच परत करावं. मॅनिटॉलचंही तेच: जिवाणू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात, आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठीसारखी वाढ, जाळून काढताना त्या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याचं १९७९ मध्ये फ्रान्समधून नोंदलं गेलं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात साखर किंवा ग्लुकोज घालू नका म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारांचा संशय म्हणून पहिल्यांदाच तपासणी होत असेल, तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचंच औषध मागा. पिकोसल्फेट आणि फॉस्फेट दोन्ही आतड्याच्या अस्तरावर बारीक फोडासारखे व्रण उठवू शकतात, आणि मग आजार कुठला आणि औषधाची खूण कुठली हे डॉक्टरांना ओळखणं अवघड जातं.

कुठलं औषध, याहून मोठा प्रश्न ते कधी. सगळं आदल्या संध्याकाळी पिऊन टाकायची पद्धत अजून चालू आहे आणि ती सोडलीच पाहिजे. रात्रभरात लहान आतड्यातून पित्त मिसळलेला चिकट रस खाली उतरतो आणि उजव्या बाजूच्या आतड्याला पिवळसर लेप देतो. चपटे पॉलिप सापडायला अवघड असतात ते नेमके तिथेच. म्हणून अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या सकाळी. दुसरी मात्रा तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायची आणि दोन तास आधी शेवटचा घोट संपलेला हवा, म्हणजे भूल देणाऱ्यांचीही हरकत राहत नाही. नऊची वेळ असेल तर चारला उठा, सातनंतर पाण्याचा थेंबही नको. तपासणी दुपारी असेल तर दोन्ही मात्रा त्याच सकाळी घेता येतात. पहाटेची मात्रा चुकवून सगळं रात्रीच उरकलं की महागडं औषधही फुकट जातं.

गावाहून पुण्या-नाशिकला तपासणीला येणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. पहाटे चारला औषध आणि पाचला एसटी, हे जमत नाही. एक तर दुपारची वेळ मागून घ्या, नाही तर आदल्या रात्री दवाखान्याजवळ मुक्काम करा, जिथे संडास खोलीतच आहे. म्हातारं माणूस असेल तर रात्रभर वाटेतला आणि संडासातला दिवा चालू ठेवा आणि फरशी कोरडी. या औषधाच्या रात्री पडून हाड मोडतं.

खाण्याबद्दल. आधी तीन-तीन दिवस पातळ पेजेवर ठेवायची गरज नाही. कसला आजार नसलेल्याला आदला एक दिवस चोथा नसलेलं खाणं पुरतं. बद्धकोष्ठ असेल तर दोन-तीन दिवस. पांढरा भात, गाळलेलं वरणाचं पाणी, इडली, पांढरा पाव, दही, अंडं, मासा चालतो. भाकरी, पालेभाजी, भेंडी, काकडी, पेरू, डाळिंब, मका, खोबरं, तीळ नाही. आपल्याकडे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक फोडणी. उपमा रव्याचा, म्हणून हलका. पण त्यातली मोहरी आणि कढीपत्ता आतड्यात तसाच येऊन बसतो. दुर्बिणीची शोषनळी आतून साधारण ३.७ मिलिमीटरची, मोहरीचे चार दाणे एकत्र आले की ती तुंबते, आणि कढीपत्त्याचं पान भिंतीला असं चिकटतं की पाण्याच्या फवाऱ्यानेही सुटत नाही. दुसरं उपवासाचं खाणं. उपवास म्हणजे पोट हलकं, या समजुतीने लोक आदल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू खातात. साबुदाणा स्वतः चालेल. दाण्याचं कूट, जिरं, भगर, रताळं, राजगिरा काहीच चालणार नाही. इसबगोल आणि मेथीदाणे आधीच्या आठवड्यातच बंद.

औषध सुरू झाल्यावर फक्त आरपार दिसेल असं द्रव. कोरा चहा, शहाळ्याचं पाणी मलई गाळून, पातळ ओआरएस, गाळलेलं लिंबू सरबत. ताक, दूध आणि सोलकढी नाही. कोकम सरबत आणि रोझ सरबत त्यांच्या लाल रंगासाठी टाळा. आत रक्तासारखं दिसतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळ्यातलं पोटॅशियम जड पडतं, त्यांनी विचारूनच प्यावं.

पिताना माप पेल्याने धरू नका. घरातला पेला १५० मिलीचा की ३०० चा, कुणालाच ठाऊक नसतं. पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या घ्या, त्यात मोजून भरा, काय उरलं ते डोळ्यांना दिसतं. पेगलेक थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी २५० मिली. स्ट्रॉ जिभेच्या मागे ठेवली की चव कमी लागते. मध्येच लिंबाची फोड चोखली तरी चालते. प्लेन्व्हूची पूड विरघळायला आठेक मिनिटं लागतात, गुठळी राहू देऊ नका. मळमळ झाली की अर्धा तास थांबा, चाला, मग अर्ध्या वेगाने पुढे. थांबा म्हणजे सोडून द्या असं नाही. उलटीत बरंच औषध गेलं असेल तर दवाखान्याला कळवा. तीन-चार तास काहीच झालं नाही, पोट फुगत चाललंय आणि जोरात दुखतंय, तर मात्र पुढचा घोट घेऊ नका. आतड्यात अडथळा असू शकतो. तडक दवाखान्यात जा.

फेस मारण्यासाठी सिमेथिकोन देतात, ते नक्की घ्या. द्रव कितीही स्वच्छ असला तरी साबणासारखे बुडबुडे असतील तर चार मिलिमीटरचा पॉलिप झाकला जातो. आणि पहिल्या जुलाबाच्या आधीच खाली खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून ठेवा. दहाव्या वेळेला लावून उपयोग होत नाही.

औषधांचं वेळापत्रक आठवडाभर आधी डॉक्टरांसमोर मांडा. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवतात, त्यांनी मळ काळा आणि डांबरासारखा चिकट होतो. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या आपल्याकडे आता घरोघरी आहेत आणि त्यांचीच आठवण राहत नाही. उपाशीपोटी, पाणी कमी झालेलं असताना त्या चालू राहिल्या तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल वाढतं. साधारण तीन दिवस आधी त्या बंद करायला सांगतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून कधीच बंद करू नका, हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांचं त्या दिवसापुरतं विचारून ठेवा. फिटची किंवा हृदयाची जी गोळी चालूच ठेवायची, ती औषध सुरू करायच्या किमान तासभर आधी; नाहीतर ती न शोषताच वाहून जाते.

ज्यांना मूत्रपिंड, हृदय किंवा जलोदर झालेल्या यकृताचा आजार आहे, त्यांनी कमी पिण्याच्या मोहात पडू नये. त्यांच्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं जुनं द्रावण, वेळ घेऊन. आधी एकदा आतडं साफ न झाल्याने तपासणी फुकट गेलेल्यांना, अफूजन्य वेदनाशामक घेणाऱ्यांना, पार्किन्सन्सच्या रुग्णांनाही सहसा तेच. बाकीच्यांनी यांतलं परवडेल आणि पोटात राहील ते घ्यावं, दोन भागांत, पाण्यासकट.

झालं की नाही हे ओळखायचं ते किती वेळा गेलात यावरून नव्हे. शेवटच्या वेळी जे येतं ते लघवीसारखं फिकट पिवळं, आरपार, संडासाच्या भांड्याचा तळ दिसेल असं हवं. पिवळं आहे पण गढूळ, तर अजून पाणी हवं. तपकिरी आहे आणि कण आहेत, तर निघण्याआधी फोन करा. काही वेळा आणखी मात्रा देऊन तपासणी त्याच दिवशी दुपारी होते. लाजून गप्प राहिलात तर दुर्बीण आत गेल्यावर ते कळणारच आहे. अहवालात बोस्टन मोजमाप लिहिलेलं असतं: आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३. तिन्ही भागांत २ किंवा ३ हवेत. बेरीज ६ आहे म्हणून समाधान मानू नका. डावीकडे ३, मध्ये २ आणि उजवीकडे १ असले तरी बेरीज ६ च भरते. एकाही भागात २ पेक्षा कमी असेल, तर पुढची तपासणी कधी हे त्याच वेळी विचारा. पॉलिप शोधण्यासाठीची तपासणी असेल, तर ती वर्षाच्या आत पुन्हा करावी लागते.